लघु ट्रॅक्टरचे उत्थापन : साधननिवडीचे विवेचन

प्रस्तुत विवेचनाचा विषय मर्यादित आहे. घरच्या शेडमध्ये मालकाने अथवा त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीने लघु ट्रॅक्टरची देखभाल करताना तो उचलण्यासाठी कोणते साधन निवडावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. लघु ट्रॅक्टर म्हणजे साधारण १५ ते २८ अश्वशक्तीचा, ६०० ते ९०० किलो वजनाचा आणि सुमारे तीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर, असे येथे गृहीत धरले आहे. निफाड, दिंडोरी, तासगाव या द्राक्षपट्ट्यांत वेलींच्या आठ-नऊ फुटी ओळींमधून ब्लोअर घेऊन फिरणारा ट्रॅक्टर तो हाच. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लांबला, तर डाऊनी रोगाच्या भीतीने फवारण्या एकामागून एक येतात. त्या काळात ट्रॅक्टर तालुक्याच्या गॅरेजमध्ये दोन दिवस पडून राहणे परवडत नाही. घरच्या दुरुस्तीचा प्रश्न या निकडीतून उत्पन्न होतो.

अमेरिकेत घराभोवतीचे विस्तीर्ण गवत कापण्यासाठी वापरला जाणारा जड गार्डन ट्रॅक्टर याचा सजातीय होय. भेद एका गोष्टीत आहे. तेथे गवत कापणारी पाती दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, पोटाखाली बसवलेली असतात. त्यामुळे पात्यांना धार लावण्यासाठी संपूर्ण यंत्र उंच करावे लागते आणि त्यासाठी तेथे खास साधनांची बाजारपेठ उभी राहिली. आपल्याकडील लघु ट्रॅक्टरचे अवजार मागे, तीन-बिंदू जोडणीवर लटकते. पोटाखाली शिरण्याची गरज क्वचित पडते. चाक, अ‍ॅक्सल आणि ब्रेक यांच्यापाशी पोहोचण्याची गरज मात्र वारंवार पडते. हा भेद पुढील सर्व विवेचनास आधारभूत आहे.

आता तीन संज्ञा निश्चित करू. भार एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर नेणे म्हणजे उत्थापन. नेलेल्या उंचीवर तो भार, मनुष्याच्या देखरेखीविना आणि गळतीची शक्यता न ठेवता, स्थिर राखणे म्हणजे धारण. ज्या भागावर काम करावयाचे त्याच्यापाशी हात, पाना आणि दृष्टी पोहोचणे म्हणजे प्रवेश. बाजारात विकले जाते ते उत्थापनाचे साधन. कारागिराला हवा असतो प्रवेश. आणि जीव अवलंबून असतो धारणावर. या तिन्हींची गल्लत हे चुकीच्या खरेदीचे पहिले कारण आहे. साधनाची निवड प्रवेशापासून सुरू करून धारणावरून उत्थापनाकडे यावी. दुकानदाराचा क्रम नेमका याच्या उलट असतो, आणि त्याच्या दृष्टीने तो योग्यही आहे.

प्रवेशाच्या दृष्टीने घरगुती कामांचे चार वर्ग पडतात. पहिल्या वर्गात इंजिन ऑइल, फिल्टर, पंख्याचा पट्टा, ग्रीसिंग ही कामे येतात. यांना उत्थापनाची आवश्यकताच नाही. दुसऱ्या वर्गात एक चाक काढून करावयाची कामे: पंक्चर, हबचे बेअरिंग, किंगपिनचे बुश, मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील. येथे टायर जमिनीपासून ५० मिमी सुटला की पुरे. तिसऱ्या वर्गात दोन्ही मागची चाके एकाच वेळी काढावी लागतात, उदाहरणार्थ रिम उलटी बसवून चाकांतील अंतर बदलताना. येथे उंची तेवढीच लागते, परंतु धारणाचा कालावधी तासांत आणि क्वचित दिवसांत मोजावा लागतो. चौथा वर्ग क्लचचा. त्यात ट्रॅक्टर मधून विलग करावा लागतो. त्याचा विचार शेवटी करू. चारही वर्गांत अर्धा मीटर वा त्याहून अधिक उंची कोठेही लागत नाही, याची नोंद घ्यावी.

प्रवेशानंतर भाराचे परिमाण पाहावे. पुस्तिकेतील वजन हे अवजाराविना, पुष्कळदा चाकांतील पाण्याविना आणि लोखंडी वजनांविना दिलेले असते. ते विश्वासार्ह मानू नये. जवळच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर न्यावा, प्रथम संपूर्ण, नंतर केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. समजा एकूण ८०० किलो आणि पुढचे ३४० किलो भरले, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ४६० किलो आहेत. दोन अ‍ॅक्सलमधील अंतर १५०० मिमी असेल, तर गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ३४० गुणिले १५०० भागिले ८००, म्हणजे सुमारे ६३७ मिमीवर येतो. आता २०० किलोचा रोटाव्हेटर मागे उचललेल्या स्थितीत जोडला आणि त्याचा भार अ‍ॅक्सलच्या मागे एक मीटरवर पडला असे मानू. पुढचा भार १३३ किलोने घटून २०७ होतो, मागचा ७९३ होतो. अवजाराचे वजन २०० किलो असताना मागच्या अ‍ॅक्सलवरील वाढ ३३३ किलो आहे. म्हणून उत्थापनापूर्वी अवजार सोडावे, हा नियम सोयीचा नसून गणिताचा आहे.

पुढची बाजू उचलण्याचे गणित याच आकड्यांवर आधारलेले आहे. पुढचा अ‍ॅक्सल ५०० मिमी उचलला, तर ट्रॅक्टर सुमारे साडेएकोणीस अंशांनी मागे कलतो. अवजार नसताना, गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलपेक्षा वर असल्याने, तो मागच्या अ‍ॅक्सलपुढे ६३७ वरून सुमारे ५३५ मिमीवर येतो. अवजार लटकत असेल, तर तो मुळात ३१० वर असतो आणि २२५ च्या आसपास येतो. जॅकवरील भार कमी झाल्याने काम सोपे वाटते, परंतु हलके वाटणे हेच येथे स्थैर्य कमी झाल्याचे लक्षण आहे. शिवाय एवढ्या कलात बॅटरीतील आम्ल, टाकीतील डिझेल आणि गिअरबॉक्समधील तेल हे सर्व आपापली पातळी शोधू लागतात. दुसऱ्या वर्गातील कामाला ५० मिमी पुरतात, हे येथे पुन्हा ध्यानात घ्यावे.

क्षमतेचा प्रश्न यावरून त्वरित निकालात निघतो. मागची संपूर्ण बाजू ४६० किलोची. बाजारातील सर्वांत सामान्य जॅक २ टनांचा. म्हणजे क्षमता चौपट आहे. जी कसोटी प्रत्येक उमेदवार उत्तीर्ण होतो, ती निवडीसाठी निरुपयोगी असते. तरीही खरेदीच्या वेळी बहुतेक चर्चा टनांचीच होते.

निर्णायक कसोटी आधाराच्या आकाराची आहे, आणि येथे ट्रॅक्टर मोटारीहून मूलतः भिन्न ठरतो. मोटारीचा सांगाडा चार कोपऱ्यांवर टेकतो. ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनवर डोलता ठेवलेला असतो, जेणेकरून सरीवरून जाताना चारही चाके जमिनीला धरून राहावीत. परिणामी सांगाडा तीन बिंदूंवर उभा असतो: मागची दोन चाके आणि पुढची पिन. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा या त्रिकोणात पडतो तोवर ट्रॅक्टर उभा. बाहेर गेला की आडवा. मागच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर ७०० मिमी धरल्यास, वरील उदाहरणात गुरुत्वमध्याच्या रेषेवर त्रिकोणाची अर्धी रुंदी सुमारे २०० मिमी येते. अरुंद बागेसाठी बनवलेल्या यंत्राचे आडवे स्थैर्य मुळातच इतके अल्प आहे.

आता या त्रिकोणात जॅक आला की काय घडते, ते क्रमाने पाहू.

पहिली अवस्था: गिअरबॉक्सच्या बरोबर मध्याखाली एकच जॅक लावून मागची दोन्ही चाके उचलली. मोटारीबाबत ही रीत रूढ असल्याने ट्रॅक्टरबाबतही ती सहज सुचते. परंतु येथे मागचे दोन बिंदू नाहीसे होऊन एक झाला, आणि पुढचा बिंदू डोलता आहे. आधार त्रिकोणाचा न राहता एका रेषेचा झाला. गुरुत्वमध्य त्या रेषेच्या वर आहे. अर्धी रुंदी शून्य झाली. जॅकच्या वाटीची रुंदी आणि घर्षण एवढ्यावरच सर्व काही तोललेले असते. पान्याचा एक झटका पुरतो.

दुसरी अवस्था: तोच जॅक, परंतु उचलण्यापूर्वी, ट्रॅक्टर समतल उभा असताना, पुढचा अ‍ॅक्सल आणि सांगाडा यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरी ठोकल्या. आता पिन डोलत नाही. पुढची दोन्ही चाके आधारबिंदू झाली आणि त्रिकोण उलटला, पाया पुढे व शिरोबिंदू मागे. अर्धी रुंदी सुमारे १५० मिमी. मूळच्या दोनशेपेक्षा ती कमी आहे, पण शून्य नाही. दोन लाकडी तुकड्यांचे हे मूल्य आहे, आणि कोणत्याही लिफ्टच्या पेटीत ते मिळत नाहीत.

तिसरी अवस्था: मध्याऐवजी एका बाजूच्या ट्रम्पेट हाऊसिंगखाली, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीसारख्या आवरणाखाली, मध्यरेषेपासून २०० मिमीवर जॅक लावून फक्त एक चाक ५० मिमी उचलले. दुसरे मागचे चाक जमिनीवर आहे, म्हणून त्रिकोण टिकून राहतो. कलामुळे गुरुत्वमध्य दुसऱ्या चाकाकडे सरकतो, परंतु ५५ मिमीहून अधिक नव्हे. त्या बाजूस सुमारे १५० मिमी शिल्लक उरतात. म्हणजे दुसऱ्या अवस्थेइतकेच स्थैर्य, तेही पाचरींवर अवलंबून न राहता. या अवस्थेत पाचरी घट्ट ठोकू नयेत. ठोकल्यास सांगाड्याचा कल अ‍ॅक्सलला कळतो आणि पुढचे एक चाक जमीन सोडू पाहते.

चौथी अवस्था: एक बाजू उचलून ट्रम्पेटखाली जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील घोडी, ठेवली, नंतर दुसरी बाजू तशीच उचलून दुसरी घोडी ठेवली, ट्रॅक्टर समतल झाल्यावर पाचरी मारल्या. पाचरींपूर्वी अर्धी रुंदी अवघी ११५ मिमी असते. पाचरींनंतर ती सुमारे २६५ होते. पाचरी मारून दोन घोड्यांवर ठेवलेला ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपेक्षा आडव्या दिशेने अधिक स्थिर असतो. तिसऱ्या वर्गातील कामांसाठी यापरते धारण घरच्या शेडमध्ये शोधण्याचे प्रयोजन नाही. चाकांचे नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करून ठेवावेत. मीटरभर लांब पाइप पान्याला लावून त्यावर देहाचा भार टाकणे ही आपल्याकडील सर्वमान्य पद्धत आहे, आणि वरील कोणत्याही आकड्यात त्या भाराचा हिशेब धरलेला नाही.

आधाराच्या खाली जमीन असते, आणि निवड पुष्कळदा तीच ठरवते. घोडीवर ४०० किलो आले आणि तिच्या चार पायांचे एकत्रित क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी असले, तर दाब प्रति चौरस सेंमी ४ किलो. ओल्या काळ्या मातीची सुरक्षित धारणक्षमता अर्ध्या किलोच्या आसपास धरतात. म्हणजे पावसाळ्यात मातीच्या शेडमधील घोडी रुतणार, आणि चारही पाय सारखे रुतणार नाहीत. खाली ३० सेंमी चौरस, दोन इंच जाडीची बाभळीची फळी घेतल्यास दाब ०.४४ वर येतो; काठावरचे का होईना, पण ते उत्तर आहे. शहाबादी फरशीचे वर्तन फसवे असते: खाली पोकळी असेल, तर ती सूचना न देता तडकते. चांगला कोबा अथवा काँक्रीट हीच योग्य भूमी. ट्रॉली जॅकच्या बाबतीत तर ती अनिवार्य अट आहे. उचलताना अ‍ॅक्सल वर्तुळाकार कमानीत जातो, त्यामुळे जॅकला अथवा ट्रॅक्टरला थोडे आडवे सरकावे लागते; ५०० मिमीच्या उदाहरणात हे सरकणे ८६ मिमी होते. ट्रॉली जॅकची लोखंडी चाके त्यासाठीच असतात. मातीत ती फिरत नाहीत, आणि सरकणे अडले की वाटीवरचा भार घसरू लागतो.

आता साधनांच्या जाती.

हायड्रॉलिक जॅक पास्कलच्या नियमावर चालतो. पंपाचा दट्ट्या १० मिमी व्यासाचा आणि उचलणारा ३० मिमीचा असला, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर ९. दांड्याची तरफ २० पट धरल्यास, घर्षण वगळता, १८० पट बल मिळते. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते: पंपाचा २० मिमी हेलकावा भाराला केवळ सव्वादोन मिमी उचलतो. हा व्यवहार उत्तम आहे. दोष धारणात आहे. सर्व भार एका रबरी सीलवर आणि एका छोट्या झडपेवर उभा राहतो. झडपेत कचऱ्याचा कण अडकला, तर भार हळूहळू उतरतो, आणि हळूहळू उतरणे हा त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे. हायड्रॉलिक जॅक हे उत्थापनाचे साधन आहे, धारणाचे नव्हे. बाटली जॅक आणि ट्रॉली जॅक यांच्यात निवड करताना पायाची रुंदी पाहावी. बाटली जॅकचा पाया तळहाताएवढा असतो आणि उंची कमी पडली की त्याखाली विटा रचल्या जातात. विटांचा तो थर पृथक् साधन म्हणून कोणीही विकत घेतला नसता. ३ टनांचा ट्रॉली जॅक घ्यावा, तो टनांसाठी नव्हे, तर त्याची चौकट लांब-रुंद असते आणि तो अधिक उंच जातो म्हणून.

स्क्रू जॅक मंद आणि श्रमाचा, परंतु त्यात एक दुर्मिळ गुण आहे. ३० मिमी मध्यव्यास आणि ६ मिमी पिच असलेल्या आट्याचा चढ सुमारे ३.६ अंश असतो. पोलादावर पोलादाचा घर्षणकोन साडेआठ अंशांच्या आसपास. चढ घर्षणकोनापेक्षा कमी असल्याने भार स्वतःहून आटे उलट फिरवू शकत नाही. याच कारणाने त्याची कार्यक्षमता जेमतेम ३० टक्के असते. उरलेले श्रम घर्षणात जातात, आणि तेच घर्षण भार धरून ठेवते. घोडीच्या जोडीला, सूक्ष्म उंची जुळवण्यासाठी, जुन्या ट्रकचा स्क्रू जॅक शेडमध्ये असणे इष्ट.

चेनपुली हे चांगले साधन आहे; उणीव पुलीत नसून ती टांगण्याच्या जागेत असते. पत्र्याच्या शेडची कैची पत्र्याचे वजन आणि वारा यांसाठी बांधलेली असते, मध्यबिंदूवर अर्धा टन लटकवण्यासाठी नव्हे. बोअरची मोटर काढण्याची तिवई कित्येकांच्या घरी असते आणि तीच वापरण्याचा मोह होतो. तिचे पाय ओळंब्यापासून ३० अंश फाकले असतील, तर ८०० किलोंच्या भाराखाली प्रत्येक पाय सुमारे १५४ किलोंच्या बलाने बाहेर सरकू पाहतो. पाय एकमेकांना साखळीने बांधल्यास हे बल साखळी घेते. न बांधल्यास जमिनीचे घर्षण. तथापि तिवईच्या पायांमध्ये तीन फूट रुंद ट्रॅक्टर शिरवताना कोन आणखी फाकतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्यासाठी तिवई युक्त. संपूर्ण ट्रॅक्टरसाठी अयुक्त. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे कारखान्यातील उत्थापन-यंत्रांची दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक होती. घरच्या शेडला तो कायदा लागू नव्हता. साखळीच्या झिजलेल्या कड्यांना ही सवलत मिळालेली नाही.

खड्डा आणि रॅम्प यांची शिफारस वारंवार ऐकू येते, कारण ट्रक-टेम्पोच्या गॅरेजमध्ये ते असतात. लघु ट्रॅक्टरबाबत दोन्ही निरर्थक आहेत. एकूण रुंदी ९०० मिमी, प्रत्येक टायर सुमारे २१० मिमी. मध्ये उरतात ४८० मिमी. त्याहून अरुंद खड्ड्यात उभा राहिलेला मनुष्य खांदेही वळवू शकत नाही. शिवाय दोन्हींत चाके भार वाहतच राहतात, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील एकही काम होत नाही. काळ्या मातीतील खड्डा जूननंतर विहिरीचे काम करतो, आणि हवेपेक्षा जड वाफा त्यात साठतात, हे दोष त्यावर वेगळे.

मोटारगॅरेजमधील लिफ्ट उपलब्ध असेल, तर? चार खांबांच्या लिफ्टचे दोन पट्टे मोटारीच्या चाकांसाठी असतात; मधली मोकळी जागा ट्रॅक्टरच्या संपूर्ण रुंदीएवढी, त्यामुळे तो पट्ट्यांवर न चढता मधल्या पोकळीत जातो. दोन खांबांच्या लिफ्टच्या बाहूंना अरुंद सांगाड्यापाशी टेकण्यास योग्य बिंदू सापडत नाही. शिवाय तिच्या पायाला किमान चार इंच जाडीचे मजबूत काँक्रीट लागते. मोटारसायकलसाठी बनवलेल्या टेबल लिफ्टची क्षमता सामान्यतः ४५० किलोंच्या आसपास आणि रुंदी दोन-सव्वादोन फूट असते. दोन्ही बाबतींत ती अपुरी. पुढची चाके पकडून ट्रॅक्टरला मागे कलवणारी, ऑनलाइन मिळणारी हलकी लिफ्ट अमेरिकेतील गवत कापणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी आहे. पोटाखालच्या पात्यांसाठी ती उपयुक्त. आपल्या यंत्राला पोटाखाली पाती नाहीत, आणि ३४० किलोंचा पुढचा भार तिच्या बाहूंसाठी अधिक आहे.

राहिला चौथा वर्ग. क्लच प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर बेल हाऊसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणापाशी, दोन भागांत विलग करतात. येथे उत्थापन जवळजवळ नसतेच. लागतात दोन स्वतंत्र धारणे आणि आडवी, समांतर हालचाल. पुढचा भाग पाचरी मारून स्वतःच्या चाकांवर आणि इंजिनखालच्या एका आधारावर उभा राहतो. मागचा भाग बेल हाऊसिंगखाली ट्रॉली जॅकवर आणि स्वतःच्या चाकांवर मागे सरकतो. जोडताना शाफ्टचे दाते प्लेटमध्ये बसण्यासाठी दोन्ही भाग मिलिमीटरच्या हिशेबात समरेख यावे लागतात, आणि जॅकच्या चाकाखाली कोब्यात एखादी भेग असेल, तर तेथेच काम अडते. ज्या शेडमध्ये सहा-सात मीटर सलग, समतल काँक्रीट नाही, तेथे अधिक महाग जॅक घेऊनही हे काम साधत नाही. तेवढ्या पैशात आधी काँक्रीट करावे, आणि ते होईपर्यंत क्लचसाठी ट्रॅक्टर मे महिन्यात, खरड छाटणी उरकल्यावर, गॅरेजला न्यावा.